जास्त पिकलेल्या फळांची आंबट-गोड चटणी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

डझनभर केळी आणली की शेवटची चार-पाच मागे राहतातच. साल काळी पडते, स्वयंपाकघरात गोडसर वास सुटतो, चिलटं जमतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "शिकरण करून टाका." मे संपता संपता आंब्यांचंही तेच. पाऊस यायच्या आत पेटी संपवायची म्हणून सगळं घर आमरसावर तुटून पडतं, तरी चार आंबे उतरतातच. शिकरण, आमरस, हलवा, केक हे सगळे उपाय फळाच्या गोडव्यावर चालतात आणि दोन-तीन दिवसांत संपवावे लागतात. चटणीचं वेगळं आहे. ती फ्रिजमध्ये तीन-चार महिने टिकते, आणि फळात जे उरलेलं नाही ते आपण तिच्यात परत घालतो, ते म्हणजे आंबटपणा.

नवशिक्यांची चटणी फसते ती बहुतेक वेळा इथेच. फळ पिकताना त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. कच्च्या केळ्यात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो. आंब्यातलं आम्ल पिकता पिकता झपाट्याने कमी होतं. फळाला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, म्हणून फळ मऊ पडतं. म्हणजे हातात आलेला माल गोड, मऊ आणि आंबटपणा गेलेला. कैरीच्या किंवा करकरीत सफरचंदाच्या पाककृतीतली साखर आणि व्हिनेगरची मापं जशीच्या तशी इथे लावली तर चटणी नुसती गोडमिट्ट होते. शिवाय टिकतही नाही. म्हणून साखर कमी आणि आंबट जास्त, एवढं धरून ठेवा. बाकी सगळं चवीप्रमाणे बदलता येतं.

इथे चटणी म्हणजे शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी नाही. खोबरं-कोथिंबिरीची ओली चटणीही नाही. ही शिजवून, आटवून बाटलीत भरायची. आपल्याकडे तिची जवळची भावंडं म्हणजे मेथांबा आणि चिंच-गुळाचं पंचामृत. मोहरी वाटून केलेलं रायवळ आंब्याचं सासव थोडं लांबचं, कारण ते त्याच दिवशी संपवायचं असतं. पारश्यांच्या लग्नातलं गाजर, सुकामेवा आणि व्हिनेगर घातलेलं लगननुं अचार ज्यांनी खाल्लं आहे त्यांना या चवीचा अंदाज लगेच येईल.

पिकलेलं कुठलं, नासलेलं कुठलं

"चटणीत काय, सगळं खपतं" हा समज आधी काढून टाका. मसाल्याने वास झाकला जातो, पण बिघडलेलं फळ त्याने चांगलं होत नाही. प्रत्येक फळ चिरून, आतून बघूनच घ्यायचं. सबंध फळ मिक्सरमध्ये ढकलायचं नाही.

केळ्याची साल पूर्ण काळी असली तरी हरकत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल तर थंडीनेच काळी पडते, आत गर चांगला असतो. गर पिवळसर किंवा फिका तपकिरी असेल तर घ्या. मधे गडद डाग असेल तर तेवढा काढा. गराला पाणी सुटलं असेल आणि दारूसारखा वास येत असेल तर ते केळं खतात जाऊ द्या.

आंब्याच्या सालीवरचे काळे ठिपके पुष्कळदा सालीपुरतेच असतात. साल काढून खालचा गर बघा, रंग आणि वास ठीक असेल तर वापरा. देठाकडून काळा पडत आत मऊ होत गेलेला आंबा मात्र सडायला लागलेला असतो, तो सोडा. हापूसमध्ये कधी कधी कापल्यावर पांढुरका, स्पंजासारखा भाग निघतो. तो साका. ती सड नाही, फळाच्या वाढीतला दोष आहे, पण त्याला चव नसते. तेवढा भाग काढून उरलेला आंबा बिनधास्त घ्या. पहिल्या पावसानंतर आंबा खाऊ नये असं जुनी माणसं म्हणतात, त्यामागे फळमाशी आहे. ती फळात अंडी घालते आणि अळ्या गरात वाढतात. पावसाळी पेरूचीही तीच तऱ्हा. वरून डाग दिसत नाही आणि आत वळवळ चाललेली असते. म्हणून पेरू चार नव्हे, आठ फोडी करून बघा.

बुरशीच्या बाबतीत दयामाया नको. मऊ फळावर वर जेवढी बुरशी दिसते त्याहून तिचे धागे आत लांब गेलेले असतात. तेवढा भाग कापून उरलेलं वापरणं इथे चालत नाही. सफरचंदावर येणाऱ्या निळसर बुरशीपासून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. मार लागून मऊ पडलेला, दबलेला भाग वेगळा. तो कापून बाकीचं घेता येतं. फळ फेसाळलं असेल किंवा आंबूस वास मारत असेल तर विचारच करू नका.

एका वेळी एवढं पिकलेलं फळ जमत नसेल, आणि छोट्या कुटुंबात ते जमतच नाही, तर फ्रीझर वापरा. सोललेली केळी, आंब्याचा गर, पेरूच्या फोडी पिशव्यांत भरून गोठवत जा. किलोभर झालं की चटणीला बसा. गोठलेलं फळ वितळताना अगदीच मऊ होतं आणि पाणी सोडतं. एरवी तो दोष, इथे शिजायचा वेळ वाचतो. सुटलेलं पाणीही पातेल्यात जाऊ द्या, चव त्यात असते.

आंबट किती आणि कशाचं

साखर असली की पदार्थ टिकतो असं आपल्याला वाटतं, कारण मुरांबा आणि जॅम टिकतात. पण जॅममध्ये साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असतं. चटणीत ते बरंच कमी असतं, त्यामुळे तिचं रक्षण मुख्यतः आम्ल करतं. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका लहान तितकं आंबट. बंद बाटलीत वाढू शकणारा बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही. त्याची बीजं नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणून "खूप वेळ शिजवलं" एवढ्यावर भागत नाही. पिकलेल्या केळ्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.२, पिकल्या पपईचा पाचच्या वर. पेरू आणि अननस चारच्या आसपास किंवा खाली. म्हणजे केळं आणि पपई स्वतःच्या जोरावर टिकणारी फळं नाहीत. त्यांना व्हिनेगर जास्त लागतं.

किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर साधारण ४ टक्के आम्ल असं लिहिलेलं असतं. तेच घ्या, किंवा उसाचं, सफरचंदाचं घ्या, पण बाटलीवरचा आकडा वाचा. परदेशात राहणाऱ्यांना ५ टक्क्यांचं सहज मिळतं, ते तर चांगलंच. तीव्र ॲसेटिक ॲसिडची बाटली आणून घरी पाणी मिसळायच्या फंदात पडू नका, त्याने त्वचा आणि डोळे भाजतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं घरगुती व्हिनेगर मिळतं आणि चवीला ते या सगळ्यांच्या पुढे आहे. मात्र प्रत्येक घरचं कमी-जास्त आंबट असतं. ते वापरलंत तर चटणी फ्रिजमध्येच ठेवा.

चिंच, आमसूल, लिंबू? चवीसाठी जरूर. पण त्यांचा आंबटपणा झाडागणिक आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून फक्त त्यांच्या भरवशावर चटणी बाटलीत भरून फडताळात ठेवू नये. आधी व्हिनेगरचं माप पूर्ण घाला, चिंचेचा कोळ वरून घाला.

साहित्य

हे माप १ किलो फळाचं आहे. साल, बिया, खराब भाग काढून उरलेल्या गराचं वजन १ किलो. यातून साधारण तीन ते चार मध्यम बाटल्या होतात.

पिकलेलं फळ, साफ करून: १ किलो
कांदे, बारीक चिरून: २५० ग्रॅम
गूळ किंवा साखर, किंवा दोन्ही: २०० ते २५० ग्रॅम
व्हिनेगर, ४ टक्क्यांचं: पेरू, अननस, आंब्याला ३०० मिली, केळं, पपईला ४०० मिली
बेदाणे: मूठभर, नको असतील तर चिरलेला खजूर
आलं: ४० ग्रॅम
लसूण: ८-१० पाकळ्या
बेडगी मिरच्या: ६ ते ८
मोहरी: २ चमचे, मेथीदाणे अर्धा चमचा
दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा ५, मिरे १०
मीठ: ३ सपाट लहान चमचे

बेडगी एवढ्यासाठी की ती रंग देते आणि घसा धरत नाही. तिखट हवं असेल तर दोन मिरच्या लवंगीच्या टाका. गूळ आणि साखर यांत मी गुळाच्या बाजूची आहे, केळ्याला तर गूळच शोभतो. आंब्याचा रंग राखायचा असेल तेव्हा मात्र साखर घ्यावी, गुळाने तो मळकट होतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात दोन्ही वगळा, आलं दुप्पट करा आणि हिंगाची चिमूट फोडणीत टाका. चटणी थोडी पातळ राहील एवढंच, कांदा तिला अंग देतो.

भांडं कुठलं

स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट. पसरट यासाठी की वाफ लवकर निघून जाते आणि चटणी करपायच्या आत आटते. ॲल्युमिनियमची लंगडी, बिनकल्हईचं पितळी पातेलं, लोखंडी कढई यांतलं काहीही नको. व्हिनेगर धातूला खातं, चटणीला धातूची चव येते आणि पितळ-तांब्याच्या बाबतीत ते तब्येतीलाही वाईट. ढवळायला लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या. घट्ट होत आलेली चटणी ज्वालामुखीसारखी बुडबुडे उडवते, हात भाजतो.

आणि खिडकी उघडा. उकळत्या व्हिनेगरची वाफ डोळ्यांना झोंबते. शेजारी चौकशीला येतात.

कृती

मिरच्यांचे देठ काढून त्या अर्धा तास थोड्या व्हिनेगरमध्ये भिजत घाला. हे व्हिनेगर वरच्या मापातलंच घ्यायचं. मऊ झाल्या की लसूण आणि निम्मं आलं घालून त्याच व्हिनेगरमध्ये बारीक वाटा. पाणी घालायचं नाही, कारण घातलेलं प्रत्येक वाटीभर पाणी नंतर आटवत बसावं लागतं. उरलेल्या आल्याच्या बारीक काड्या करून ठेवा, त्या दाताखाली आल्या की मजा येते.

आता पातेल्यात दोन चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की आच कमी करून मेथीदाणे टाका. मेथी लालसर होईपर्यंतच ठेवायची, काळी झाली तर सगळ्या चटणीला कडवटपणा येतो आणि मग कितीही गूळ घातला तरी तो जात नाही. त्यात चिरलेला कांदा घाला आणि अर्धं मीठ. कांदा इथेच पूर्ण मऊ करून घ्या, दहा-बारा मिनिटं लागू द्या. या पायरीला घाई करू नका, कारण व्हिनेगर पडल्यावर कांदा पुढे मऊ होत नाही. कितीही शिजवा, तो कचकच लागत राहतो.

कांदा पारदर्शक झाला की मिरचीचं वाटण घालून दोन-तीन मिनिटं परता. कच्च्या लसणाचा वास गेला पाहिजे. मग फळ. इथे एक निवड करायची आहे. सगळं फळ एकदम घातलं तर ते विरघळून एकजीव होतं, कारण पिकलेल्या फळात धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. फोडी दिसाव्यात असं वाटत असेल तर तीन हिस्से फळ आता घाला आणि एक हिस्सा, त्यातल्या त्यात टणक असलेला, साखरेत घोळवून बाजूला ठेवा. साखर फोडींमधलं पाणी ओढून घेते आणि त्या जरा घट्ट होतात. चटणी निम्मी शिजली की त्या फोडी सुटलेल्या रसासकट पातेल्यात घालायच्या.

फळाबरोबर निम्मं व्हिनेगर, दालचिनी, लवंगा, मिरे, आल्याच्या काड्या घाला. सबंध मसाले नंतर शोधत बसायचे नसतील तर पातळ मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाका. एक उकळी आली की आच मंद करा. झाकण ठेवू नका, आपल्याला पाणी घालवायचंय.

पंधरा-वीस मिनिटांनी गूळ, बेदाणे, उरलेलं मीठ आणि बाकीचं व्हिनेगर. गूळ आधी किसून किंवा फोडून घ्या. त्यात खडे किंवा काडीकचरा असतो, त्यामुळे थोड्या व्हिनेगरमध्ये विरघळवून गाळून घेतला तर उत्तम. गूळ पडल्यावर चटणी पुन्हा सैल होते, घाबरू नका. आणि इथून पुढे पातेल्यापासून हलू नका. साखर-गूळ पडलेली चटणी तळाला धरते. सुरुवातीला अधूनमधून, शेवटची दहा मिनिटं सतत, तळ खरवडत ढवळायचं. केळ्याची चटणी गूळ घातल्यापासून अर्ध्या तासात होते, अननसाची किंवा गोठवलेल्या फळाची पाऊण तास ते तासभरही घेते. घड्याळापेक्षा खुणेवर जा. चमच्याने पातेल्याच्या तळावर रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहून मग सावकाश मिटली पाहिजे. दुसरी खूण, थोडी चटणी बशीत टाकून दोन मिनिटं थांबा. कडेने पातळ पाणी सुटलं नाही तर झाली. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून मनातल्यापेक्षा थोडी सैल असतानाच गॅस बंद करा.

आता चव. गरम चटणी चाखून निर्णय घेऊ नका, जीभ भाजते आणि व्हिनेगर नाकात जातं. बशीतली गार झालेली चाखा. ती या घडीला फारच आंबट आणि भडक लागेल. तशीच लागायला हवी. व्हिनेगरचा तो तिखा वास तीन-चार आठवड्यांत उतरतो आणि फळ पुढे येतं. आंबट लागतेय म्हणून आणखी गूळ ओतणं हा मोह आवरा. मीठ कमी वाटलं तर ते खुशाल वाढवा.

बाटल्या भरणं

चटणी शिजत असतानाच बाटल्यांची तयारी करा. काचेच्या बाटल्या साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. तळाशी जुना पंचा घातला की त्या एकमेकींवर आपटत नाहीत. काढून स्वच्छ कपड्यावर पालथ्या घाला. आतून पूर्ण कोरड्या व्हायला हव्यात, पण गार होऊ द्यायच्या नाहीत. गरम बाटलीत गरम चटणी, हा नियम. गार बाटलीत उकळती चटणी ओतली की काच तडकते. भरताना बाटली थेट ओट्याच्या दगडावर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा.

काठापासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरा. स्वच्छ सुरी आत कडेने फिरवा म्हणजे अडकलेली हवा निघते. काठ पुसून लगेच फिरकीचं झाकण घट्ट लावा. झाकण आतून प्लॅस्टिकचा थर असलेलं हवं, उघडा पत्रा व्हिनेगरने गंजतो. लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा दादरा इथे कामाचा नाही. कापडातून पाणी उडून जातं आणि चटणी आक्रसून सुकते. फळाचं नाव आणि तारीख लिहून चिकटवा. दोन महिन्यांनी केळं आणि पेरू यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही.

पुस्तकांत थंड, अंधाऱ्या जागी ठेवा असं लिहिलेलं असतं. मुंबईच्या किंवा कोकणच्या घरात पावसाळ्यात अशी जागा म्हणजे फ्रिजच. पहिल्यांदा करणाऱ्याने, आणि केळं-पपईच्या बाबतीत सगळ्यांनीच, बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तिथे तीन-चार महिने चांगली राहते. उघडलेली बाटली महिन्याभरात संपवा, आणि दर वेळी कोरडा चमचा.

फळागणिक फरक

केळं नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपं. चिरायचे कष्ट नाहीत, घट्टपणा आपोआप येतो. पण तेच तळाला सगळ्यात लवकर लागतं. वेलची केळ्याची चटणी जास्त सुवासिक होते, मोठ्या केळ्याची जास्त मऊ. पाव चमचा हळद आणि चिंचेचा थोडा कोळ घाला, रंग आणि चव दोन्ही सुधारतात.

आंब्यात हापूसपेक्षा पायरी किंवा रायवळ घ्या असं माझं मत. हापूसचा सुगंध आटवण्यात उडून जातो, रायवळमध्ये थोडा आंबटपणा आणि दोरे असतात, चटणीला तेच बरं. दोऱ्यांचा त्रास वाटला तर गर चाळणीतून काढा. आंब्यात मोहरी दुप्पट करून निम्मी भरड वाटून घातली तर सासवाची आठवण येते. घरात एखादी कैरी शिल्लक असेल तर ती किसून टाका, पिकल्या आंब्याला तिच्याइतका चांगला जोडीदार नाही.

पेरूला बियांचा बंदोबस्त करावा लागतो. फोडी पाव वाटी पाण्यात मऊ शिजवून स्टीलच्या चाळणीवर पळीने दाबत गाळा. गर खाली उतरतो, बिया वर राहतात. पेरूत पेक्टिन मुळात भरपूर असतं, त्यामुळे पिकून गेला तरी चटणी छान बसते. लाल गराचा पेरू मिळाला तर रंग बघत राहावा असा.

पपई एकटी घेऊ नका. ती गोड, बोथट आणि आंबटपणात सगळ्यात कमी. निम्मी पपई, निम्मा अननस हे प्रमाण जमतं. अननस मात्र झाडावरून काढल्यावर आणखी पिकत नाही, नुसता आंबत जातो. म्हणून त्याचा वास नीट घ्या.

चिकूच्या वाट्याला जाऊ नये. रवाळ लागतो, मातकट रंग येतो, आणि मिल्कशेक हे त्याचं जास्त चांगलं भवितव्य आहे. कलिंगड-खरबुजात पाणीच पाणी. संत्री-मोसंबी आटवली की कडवटतात. द्राक्षं सुकून मऊ पडली असतील तर बेदाण्यांच्या जागी घाला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हा मोसम. परसातल्या झाडाखाली पडलेली सफरचंदं आणि पेअर यांची चटणी तिथे घरोघर होते, वरचीच कृती त्याला लागू पडते. सफरचंद नुसतं मऊ पडलेलं असेल तरच घ्या, निळसर ठिपका दिसला की नाही.

काही बिघडलं तर

पातळ राहिली असेल तर पुन्हा पातेल्यात घालून आटवा, बाटल्याही पुन्हा उकळा. फार घट्ट झाली असेल तर थोडं व्हिनेगर घालून उकळी आणा, नुसतं पाणी घालू नका. तळाला लागल्याचा वास आला की ढवळू नका. वरची चटणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि तळ तिथेच राहू द्या. लागलेला थर हलला नसेल तर चटणी वाचते.

बाटली उघडताना फसकन आवाज येऊन फेस आला, झाकण फुगलेलं दिसलं किंवा वर बुरशीचा ठिपका असला तर सगळी बाटली टाकून द्या. चाखून बघू नका, वरचा थर काढून खालची खाऊ नका.

वेळ नसेल त्या दिवशी

एकच पेरू किंवा दोनच केळी असतील तर एवढा घाट घालायची गरज नाही. पिकल्या पेरूच्या बिया काढून गर, एक हिरवी मिरची, आल्याचा तुकडा, भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि अख्ख्या लिंबाचा रस एकत्र वाटा. केळं असेल तर कुस्करून त्यात चिंचेचा कोळ, तिखट, जिरेपूड आणि थोडा गूळ घालून पाच मिनिटं शिजवा. दोन्ही फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. इथेही आंबटाबाबत हात आखडू नये.

खायची कशाशी

भाजणीच्या थालीपिठाशी आणि लोण्याशी ही चटणी सगळ्यात चांगली जमते. मेथीचे पराठे, घावन, ज्वारीची भाकरी, मऊ दहीभात, सगळ्यांशी चालते. डब्यातल्या पोळीच्या गुंडाळीत बटाट्याच्या भाजीखाली तिचा पातळ थर द्या. मांसाहारी घरात तळलेल्या माशापेक्षा भाजलेल्या कोंबडीबरोबर जास्त खुलते. बाटली तळाला आली की धुऊ नका. त्यात दोन चमचे तेल, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून झाकण लावा, जोरात हलवा आणि बारीक चिरलेल्या कोबीवर ओता.